चित्रपटातल्या बाईला आधी काय सिद्ध करावं लागतं?

प्रश्न: ताई, खानदेशात पारोळा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी शिक्षक आहे. आठवी ते दहावीची मुलं-मुली आणि त्यांचे पालक यांना वर्षभरात चार-पाच चित्रपट दाखवायचा विचार आहे. मुलाने असं वागावं, मुलीने तसं दिसावं, हे जे सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलंय ते थोडं तरी हलावं अशी इच्छा. लोकप्रिय चित्रपटांनी असं काही होतं का? होत असेल तर कोणते दाखवू आणि कसे?

उत्तर:

सर, आधी एक प्रसंग सांगते. २०२३ च्या जुलैत 'बाईपण भारी देवा' जोरात चालला होता. अमळनेर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या अकरा जणी क्रूझर ठरवून तो बघायला जळगावला निघाल्या, मलाही सोबत घेतलं. एकसारख्या साड्या, गजरे, दोघीतिघींच्या डोळ्यांवर गॉगल. घरचा एकही पुरुष बरोबर नाही आणि आपण थिएटरात बसलोय, असं त्यांतल्या सात जणींच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. पडद्यावर त्या सहा बहिणी मंगळागौरीचे खेळ खेळायला लागल्या तशा आमच्या रांगेतल्या बायका बसल्या जागी पाय हलवायला लागल्या. आपल्याकडे मंगळागौरीपेक्षा कानबाई देवीच्या सणाचं अप्रूप जास्त, पण फुगडीचा ठेका पायांना बरोबर कळतो. एकजण माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ताई, हाई ते आपलीच गोट शे." म्हणजे, ही तर आपलीच गोष्ट आहे.

परतीच्या वाटेवर मी सहज विचारलं, आज घरी स्वयंपाक कोणी केला? गाडी एकदम गप्प झाली. मग एकेक बोलायला लागली. कोणी पहाटे चारला उठून भाकरी थापून आली होती. कोणी सासऱ्यांच्या गोळ्या पुड्यांत बांधून वर वेळ लिहून ठेवली होती. एकीने गुरांचं शेण काढून, कपडे धुऊन, मुलाचं दप्तरसुद्धा भरून ठेवलं होतं. 'आज तुमचं तुम्ही बघा' असं एकीनेही म्हटलं नव्हतं. तीन तास स्वतःसाठी मिळावेत म्हणून त्यांनी घर इतकं चोख करून ठेवलं होतं की नाव ठेवायला कोणाला जागाच उरू नये.

मी गेली एकोणीस वर्षं वसतिगृहं, शाळा, बचत गट आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळांमध्ये चित्रपट दाखवते आणि त्यावर बोलते. त्या रात्रीपासून माझ्या कामाला एक प्रश्न कायमचा जोडला गेला. पडद्यावरच्या बाईला जे मिळालं, मान म्हणा, मोकळीक म्हणा, ते मिळण्याआधी तिला काय सिद्ध करावं लागलं? तुमच्या शाळेत चित्रपट निवडताना हाच प्रश्न हाताशी ठेवा असं मी आग्रहाने सांगेन, कारण मुलींना मोकळं करणारे म्हणून गाजलेले पुष्कळ चित्रपट तिच्याकडून आधी मोठी वसुली करतात.

'दंगल' घ्या. २०१६ चा चित्रपट, आपल्याकडच्या गावागावात पाहिला गेला, आणि तो पाहून पोरींना मैदानावर पाठवणारे बाप मी स्वतः बघितले आहेत. त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण त्या गोष्टीत मुलीची किंमत बापाला, गावाला आणि प्रेक्षकाला कशाने पटते? पदकाने. गीता फोगट यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत खरोखरच सुवर्णपदक जिंकलं. ज्या पोरी पहिल्याच फेरीत हरतात त्यांचं काय? आपल्या जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या १००० मुलग्यांमागे मुली ८५० सुद्धा भरल्या नव्हत्या. अशा जिल्ह्यात 'मुलगी मुलापेक्षा कमी नाही' एवढंच सांगून भागत नाही. कमी असली तरी ती हवी, हे सांगावं लागतं. अभ्यासात बेताची, खेळात बेताची, दिसायला चारचौघींसारखी मुलगी आनंदाने वाढवायची असते, हे सांगणारा चित्रपट शोधायला बसलात की यादी फार छोटी होते.

'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) मी सगळ्यात जास्त वेळा दाखवला असेल. त्यातली शशी गोडबोले पुण्याची, लाडू करून विकणारी, इंग्रजी येत नाही म्हणून नवरा आणि मुलगी येता-जाता टोचतात. ती अमेरिकेत जाऊन गुपचूप इंग्रजीचा क्लास लावते. शेवटी परीक्षेचा दिवस आणि भाचीच्या लग्नाचा दिवस एकच येतो, आणि तिने केलेले लाडू लहान मुलाच्या खोडीने जमिनीवर सांडतात. मी तिथे थांबवते. चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत नववीच्या वर्गाला विचारलं, आता पुढे काय होईल? मुलींनी एका सुरात सांगितलं, ती परत करेल. चाळीसातल्या एकीलाही दुसरं काही सुचलं नाही. मुलग्यांतून आवाज आले, बाजारातून आणतील, लाडूशिवाय लग्न होत नाही का. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला, त्याचे वडील केळीच्या गाड्या भरायला जातात. म्हणाला, "मॅडम, पोराने पाडले ना, मग पोराने वळायला बसावं. आईने पाक करावा आणि परीक्षेला जावं."

वर्ग हसला, पण मी हसले नाही. इतक्या वर्षांत हे उत्तर मला पहिल्यांदा मिळालं होतं. चित्रपटात शशी परीक्षा सोडते आणि लाडू पुन्हा करते. मग लग्नात सुंदर भाषण करते आणि तिथेच तिला प्रमाणपत्र मिळतं. भाषणाच्या वेळी माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. तरी मुलींना विचारायचंच असतं: ती भाषणात अडखळली असती तर? लाडू फसले असते तर? मग नवऱ्याने तिला मान दिला नसता का?

त्याच तासाला एका मुलीने मांड्यांचा विषय काढला. आपले खापरावरचे मांडे तुम्हाला नव्याने सांगायला नकोत. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि तापलेल्या खापरावर अलगद सोडायचा. तो सोडताना फाटला की चुलीभोवती बसलेल्या बायकांत एक शांतता पसरते, आणि ती शांतता नव्या सुनेला आयुष्यभर पुरते. ती मुलगी म्हणाली, माझ्या आईच्या लग्नाला वीस वर्षं झाली, पण अजून कोणी बघत असलं की मांडा टाकताना तिचा हात थरथरतो. शशीचे लाडू समजावायला मला याहून जवळचं उदाहरण कधी सापडलं नाही. परिपूर्णतेचा आदर्श वगैरे शब्द आपण मोठी माणसं वापरतो. मुलांच्या घरी त्याचं नाव फाटलेला मांडा असतं.

'थप्पड' (२०२०) पालकांसाठी ठेवा, आठवीला नको. त्यातली अमृता रोज सकाळी चहा करते, सासूची साखर तपासते, नवऱ्याच्या मागे डबा आणि पाकीट घेऊन गाडीपर्यंत जाते. तिच्यात खोट काढायला जागा ठेवलेली नाही. भरल्या घरात नवरा एक थप्पड मारतो आणि ती घर सोडते. चित्रपट धीट आहे. पण मी बायकांना नेहमी विचारते, अमृता थोडी आळशी असती, तोंडाने फटकळ असती, तर तुम्ही तिच्या बाजूने उभ्या राहिल्या असता का? भुसावळजवळच्या एका गावात या प्रश्नावर जवळजवळ तासभर वाद झाला. एका आजींनी शेवटी सांगितलं, "फटकळ असती तर आम्हीच म्हटलं असतं, खाल्ली असेल आपल्या तोंडाने." एवढं खरं बोलणं मी सभा-संमेलनांत ऐकलेलं नाही.

आता ज्या चित्रपटापासून तुम्ही सुरुवात करावी असं मला वाटतं तो: 'लापता लेडीज' (२०२४). रेल्वेच्या डब्यात सारख्याच लाल घुंघटातल्या दोन नवऱ्या, एका नवरदेवाने अंधारात भलतीच उतरवून घेतली. भुसावळ जंक्शनवर लग्नसराईत एक रात्र काढली असेल त्याला ही गोष्ट अशक्य वाटणार नाही. नवरदेव बायकोला शोधायला फोटो दाखवत फिरतो, आणि फोटोत घुंघटच दिसतो, चेहरा नाही. या जागी मुलं खदखदून हसतात. हसू द्या, मग घरचे लग्नाचे अल्बम आठवायला सांगा.

यातल्या दोघी नवऱ्या शेजारीशेजारी ठेवून बघा. जया हुशार आहे, तिला सेंद्रिय शेती शिकायची आहे, ती सगळ्यांना वळसा घालून निसटते. चित्रपटांना अशी नायिका आवडते. माझं मन मात्र फूलवर आहे. तिला काही म्हणजे काही येत नाही. सासरच्या गावाचं नाव आठवत नाही, नवऱ्याचं नाव घ्यायला लाजते. स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजू माई तिला ठेवून घेते, हाताला काम देते, फूलने केलेला कलाकंद विकला जातो आणि ती तिला कामाचे पैसे देते. फूल ना पदक जिंकते ना भाषण करते. हरवलेली, भाबडी पोर आहे एवढं कारण तिला जपायला पुरतं. शिवाय तिचा नवरा बायको हरवली म्हणून रडतो आणि चित्रपट त्याच्या रडण्याची टिंगल करत नाही. तुमच्या दहावीच्या मुलग्यांना हे बघण्याची गरज मुलींपेक्षा जास्त आहे.

जुन्याकडे वळायचं धाडस केलंत तर 'कुंकू' दाखवा. १९३७ चा, प्रभातचा, व्ही. शांतारामांचा. मामाने फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा ते लग्न मानायलाच नकार देते. शांता आपट्यांचा तो ताठ चेहरा पाहून आजच्या मुली दचकतात. नीराने काही मोठं कर्तृत्व गाजवायचं नसतं, 'नाही' म्हणायचं असतं. इतक्या वर्षांपूर्वी मराठी पडद्यावर हे झालं होतं, मग नंतरच्या नायिका इतक्या सोशिक का झाल्या, असा प्रश्न एखादी मुलगी विचारेल. विचारला तर उत्तर द्यायची घाई करू नका.

आणि पालकांच्या सत्रात कधीतरी 'उंबरठा'. १९८२, जब्बार पटेल, स्मिता पाटील. शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची ही लेक, त्यामुळे आपल्याकडे ती आपल्या घरचीच वाटते आणि लोक आपुलकीने बघायला बसतात. मग गोष्ट बोचायला लागते. सुलभा महाजन लहान मुलीला जावेकडे सोडून महिलाश्रमाची अधीक्षक व्हायला जाते. तिथे ती जिंकतही नाही, राजीनामा देऊन परत येते, तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. ती पुन्हा बाहेर पडते. प्रत्येक वेळी बायकांचा राग नवऱ्यावर कमी आणि सुलभावर जास्त निघतो: पोरीला सोडून गेलीच कशी? मी हा राग थोपवत नाही. कामासाठी पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलेल्या, वर्षातून दोनदा घरी येणाऱ्या बापांबद्दल हा प्रश्न का उठत नाही, एवढंच विचारून खाली बसते.

पुरुषांकडे येऊ, कारण या विषयावरच्या चर्चेत ते कायम सुटून जातात. 'नटरंग' (२०१०) मधला गुणा कागलकर कसलेल्या अंगाचा शेतमजूर, त्याला तमाशाच्या फडात राजा व्हायचं असतं, आणि वाट्याला नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करत नाचणारा पुरुष, येतो. अतुल कुलकर्णींनी त्या भूमिकेसाठी आधी शरीर कमावलं आणि मग घालवलं, ते पडद्यावर डोळ्यांदेखत दिसतं. घरचे, गावचे त्याला काय काय भोगायला लावतात ते पाहवत नाही. खानदेशात तमाशा पाहिलेल्या घरांत नाच्याला टाळी देणारे पुष्कळ असतात, त्याच्याशी सोयरीक जोडणारा एकही नसतो. एका शाळेत मी याचा अर्धा भाग दाखवला आणि मुख्याध्यापकांनी मुलांना चुकीचं वळण लागेल म्हणून प्रोजेक्टर बंद करायला लावला. मला त्याचं वाईट आजही वाटतं, कारण त्या वर्गात बायकी चालतो म्हणून रोज चिडवला जाणारा एक मुलगा पहिल्या रांगेत मान वर करून बसला होता. त्याच्यासाठी तरी शेवटपर्यंत चालायला हवा होता.

मुलांना हेही जरूर सांगा की आपल्या चित्रपटाची सुरुवातच साडी नेसलेल्या पुरुषाने झाली. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' मध्ये दादासाहेब फाळक्यांना तारामती करायला बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात स्वयंपाकी असलेले अण्णा साळुंके उभे राहिले. पुढे 'लंकादहन' मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. रंगभूमीवर बालगंधर्वांची साडी आणि गजरा बघून घरंदाज बायका तशी वेशभूषा करू लागल्या. बाईने कसं दिसावं याचा वस्तुपाठ एका पुरुषाने घालून दिला होता, ही गोष्ट नववीच्या मुलींना सांगितली की त्या बराच वेळ एकमेकींकडे बघत राहतात.

हिवाळ्यात आपल्याकडे शेतात भरीत पार्ट्या होतात. वांगी भाजणं, सोलणं, मिरच्यांसकट ठेचणं, फोडणी, सगळं पुरुष करतात आणि उत्तम करतात. तेच हात घरी आल्यावर पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेत नाहीत. 'सैराट' वर बोलताना मी हे भरीत आठवायला सांगते. सगळ्यांना आर्चीची बुलेट आणि ट्रॅक्टर आठवतो. मला त्याच्या उत्तरार्धातलं पत्र्याचं घर महत्त्वाचं वाटतं. तिथे पळून आलेल्या, प्रेमाने भरलेल्या परशालाही संशय येतो आणि त्याचा हात उठतो. बुलेट चालवणाऱ्या मुलीवरही हात उठू शकतो आणि मनापासून प्रेम करणारा मुलगाही तो उचलू शकतो, हे त्या चित्रपटाने इतक्या सरळ दाखवलं, आणि आपण 'झिंगाट' वर नाचून घरी आलो.

दिसण्याचा मुद्दा थोडक्यात. 'दम लगा के हईशा' (२०१५) बिनधास्त दाखवा. लठ्ठ म्हणून नवऱ्याला नकोशी झालेली बायको बी.एड. झालेली आहे, नवरा दहावी नापास. शेवटपर्यंत ती वजन कमी करत नाही. त्याला तिला पाठीवर घेऊन धावावं लागतं. 'बाला' (२०१९) टकलाची लाज सोडायला सांगतो ते छान, पण त्यातल्या सावळ्या मुलीसाठी गोऱ्या अभिनेत्रीला रंग फासला. सावळी नटी मिळाली नाही का, असं मुलींनी विचारलं तर त्यांचं बरोबर आहे. आणि आपल्या शेजारचं मालेगाव विसरू नका. यंत्रमागावर काम करणाऱ्या हडकुळ्या तरुणाला तिथल्या लोकांनी सुपरमॅन केलं, त्याच्या चित्रीकरणावर २००८ साली एक सुंदर माहितीपटही झाला. छाती फुगवलेल्या नायकांची पोस्टर खोलीत लावणाऱ्या मुलग्यांना तो दाखवा. त्यात एक गोष्ट बोलायची राहते, की नायिका मात्र बाहेरगावाहून आणावी लागत होती. पुरुषाला वेडंवाकडं दिसायची मुभा मिळाली, गावातल्या बाईला पडद्यावर यायचीही मिळाली नाही.

मुलगे 'कबीर सिंग' आणि 'अ‍ॅनिमल' चा विषय काढतील, धरून चाला. रागावू नका, 'ते घाण चित्रपट' म्हणू नका. त्यांनी ते पाहिले आहेत, त्यांना ते आवडले आहेत, आणि तुम्ही नाक मुरडलंत की तुमच्याशी बोलणं बंद होईल. त्यांच्याकडून 'कबीर सिंग' मधल्या नायिकेची दहा वाक्यं काढून घ्या. बहुतेकांना तीनच्या वर आठवत नाहीत, आणि हे त्यांचं त्यांनाच जाणवतं.

आता पद्धत. पूर्ण चित्रपट एका दमात दाखवून शेवटी 'यातून काय बोध घेतला' विचारू नका. बोध विचारला की मुलं निबंधातलं उत्तर देतात. एक खेळ घ्या, मी त्याला 'हातात काय' म्हणते. घरातला कोणताही एक प्रसंग आवाज बंद करून लावायचा आणि मुलांनी वहीत दोन रकाने करून लिहायचं, बाईच्या हातात काय आणि पुरुषाच्या हातात काय. लाटणं, झाडू, बाळ, ताट. पेपर, रिमोट, मोबाईल, काहीच नाही. पाच मिनिटांत रकाने भरतात. मग तेच घरी जाऊन संध्याकाळी सात ते आठ करायला सांगा. दुसऱ्या दिवशी तुम्हाला बोलायची गरज पडत नाही.

मुलं-मुली वेगळी बसवू नका. पालकांचं सत्र कापूस वेचणीच्या दिवसांत ठेवू नका, बायका येणारच नाहीत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास ठेवा, लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, बोलायला मन मोकळं असतं.

एक वाचनही जोडा. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे शिक्षक, तुमच्या शेजारचेच. त्यांच्या 'श्यामची आई' वरच्या अत्र्यांच्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, आणि त्या आईच्या मापाने महाराष्ट्रातल्या सगळ्या आया मोजल्या गेल्या. पण पुस्तकाची पहिलीच रात्र उघडा. आई आजारी आहे, वडाला प्रदक्षिणा घालायला ती श्यामला पाठवते. बायकांच्या व्रताला मुलगा, पोरं हसतील म्हणून तो लाजतो, आणि आई त्याला समजावते की यात लाजण्यासारखं काही नाही. ते पान एखाद्या मुलग्याकडून मोठ्याने वाचून घ्या, मग 'लापता लेडीज' लावा. मध्यंतरात चहा असेल तर तो मुलग्यांना करायला सांगा, आणि पहिल्या वेळी साखर कमी-जास्त झाली तरी त्यांना तसं बोलून दाखवू नका.